पैसे वसूल, पण कुणाचे?

मे महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफी मशीनपाशी टीममधल्या एकाने विचारलं, "काय मग, वॉटर पार्क कसा झाला? पैसे वसूल?" मी सवयीने "हो, मस्त!" म्हणून टाकलं. (सोमवारी सकाळी याहून लांब उत्तर कुणालाच नको असतं.) जागेवर येऊन बसलो, मेल उघडले, पण डोळ्यासमोरून आईची ती प्लॅस्टिकची खुर्ची काही केल्या हलेना.

तर झालं असं होतं. आई उन्हाळ्यात वाशीमहून आमच्याकडे पुण्याला आली होती. लेक आठ वर्षांची, तिला सुट्टी. घरात बसून दोघी कंटाळल्या होत्या, म्हणून शनिवारी पुण्याबाहेरच्या एका वॉटर पार्कला गेलो. नाव सांगत नाही, कारण असले अनुभव कुठल्याही पार्कात येतात. गेटवर पिशव्या तपासल्या. आईने पहाटे उठून केलेल्या तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा 'बाहेरचं खाणं चालत नाही' म्हणून काढून ठेवला. मोठ्यांचं तिकीट १,४००, लहान मुलांचं आणि ज्येष्ठ नागरिकांचं १,१००. आईने खिडकीतल्या पोराला विचारलं, "मले पाण्यात जाचंच नाई, मंग माह्यं तिकीट कायचं?" तो म्हणाला, "एन्ट्रीचं, आजी."

त्यानंतरचे सात तास आई एका छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. बाजूला आमच्या तीन पिशव्या, चपला, टॉवेल. लॉकर घेतला होता, पण त्यात सगळं मावलं नाही. मधूनमधून आम्ही ओलेचिंब येऊन तिला हात दाखवायचो, तीही दाखवायची.

रात्री मी एक्सेल उघडलं. (हसू नका, तुम्हीपण उघडता.) तिकिटं ५,०००, लॉकर २००, भाड्याचे नायलॉनचे कपडे ६००, आत खाणं १,७००, पेट्रोल आणि टोल ९००. एकूण ८,४००. चार माणसं गुणिले सात तास म्हणजे २८ तास. माणशी तासाला ३०० रुपये. मल्टिप्लेक्सशी ताडून पाहिलं तर वाईट नाही. मग मी अजून एक कॉलम टाकला: 'खरंच मजा येत असलेले तास'. लेक ७, बायको ४, मी ३, आई ०. झाले १४. दर दुप्पट, ६०० रुपये.

दुसऱ्या दिवशी आईला म्हटलं, "तुझे अकराशे वायाच गेले गं." तर म्हणते, "वाया कायले गेले? तुमचं सामान नाई का सांभाळलं म्या?"

हे वाक्य मला पुढे कित्येक दिवस पुरलं. कारण त्यातून प्रश्न असा निघतो, की गेटवर डोकी मोजून पैसे घ्यायचे हे मुळात ठरवलं कुणी? माझ्या लहानपणी तर असं नव्हतं.

माझं लहानपण वाशीमचं. आमच्याकडे 'फिरायला जाणं' म्हणजे देवाला जाणं आणि देवाला जाणं म्हणजे यात्रेला जाणं. वाशीमचा बालाजी, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंज्याचे गुरुमहाराज, मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांचा उरूस, रामनवमीला पोहरादेवी, रथसप्तमीला डव्ह्याचे नाथनंगे महाराज. जैन नसलेले शिरपूरला जायचे, मुसलमान नसलेले उरुसाला. बारा-पंधरा माणसं, लाल डबा, मांडीवर पोरं, पायाशी गाठोडी. पोचलं की आधी दर्शन, मग झाडाखाली सतरंजी, मग जेवण, आणि मग पोरं सुटली!

यात्रेच्या मैदानाला दार नव्हतं. हे आज फार महत्त्वाचं वाटतं. आत येण्याचे पैसे नाहीत, पण आत आल्यावर प्रत्येक गोष्टीचे वेगळे: आकाशपाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे, जादूच्या तंबूचे वेगळे. रेवड्या, गोडीशेव, मुरमुरे, पिपाण्या, प्लॅस्टिकची घड्याळं ही आपापली. पाळणेवाला जागेचं भाडं भरायचा आणि बसणाऱ्याकडून वसूल करायचा. जो बसला नाही त्याला कुणी विचारत नव्हतं. आम्हा प्रत्येक पोराला खाऊचे ठरावीक पैसे मिळत, आणि त्यात पाळणा बसवायचा की पिपाणी, हा निर्णय घेताना जो घाम फुटायचा तेवढा मला पुढे गृहकर्ज घेताना फुटला नाही. :)

माझी आजी अशा वेळी काय करायची? खरं सांगायचं तर तीही सामानच सांभाळायची. पण तिला त्याचे पैसे पडत नव्हते, आणि तासाभरात तिच्या माहेरच्या दोन-तीन बाया तिला शोधत यायच्या. तिची यात्रा तिथे त्या सतरंजीवर भरायची.

थोडं अवांतर. आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करवून घेतलं. आणि दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा राजशेखर त्याच्या 'काव्यमीमांसे'त सांगतो, की विदर्भात वत्सगुल्म नावाचं नगर आहे, ते कामदेवाचं क्रीडास्थान आहे, आणि काव्यपुरुषाचं लग्न साहित्यविद्येशी तिथे लागलं. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाशीम हे मौजमजेचं ठिकाण वाटत होतं! वाशीमच्या स्टँडवर दुपारी दोन वाजता एसटीची वाट पाहिलेल्या माणसाला हे पटवणं अवघड आहे. असो.

मुद्दा असा की दार नसलेलं मैदान फुकट वाटतं, पण फुकट नसतं. बालाजीचंच घ्या. आजचं देऊळ नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळू यांनी बांधलं, १७७९ च्या सुमारास. देऊळ, ओवऱ्या, जवळचा देव तलाव. हा पैसा आला कुठून? मुलखाच्या महसुलातून, म्हणजे शेवटी कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांकडून. आपल्या आजोबांच्या आजोबांच्याही आधीच्या कुणीतरी ते तिकीट भरून ठेवलं आहे आणि आपण अजून त्यावर आत जातोय. भवानी काळूंना गुंतवणुकीवर परतावा दाखवायचा नव्हता. त्यांना पुण्य हवं होतं आणि नाव हवं होतं. दोन्ही मिळालं असावं, कारण अडीचशे वर्षांनी मी इथे त्यांचं नाव टाइप करतोय.

वॉटर पार्कवाल्याला ही सोय नाही. त्याच्यामागे बँक आहे. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं तेव्हा देशातलं सगळ्यात मोठं पार्क म्हणून गाजलं, पण कर्जाखाली इतकं दबलं की २०२२ मध्ये मालकी बदलून मालपाणी समूहाकडे गेली. त्याच वर्षी गोराईचं एस्सेल वर्ल्डही बंद पडलं. १९८९ पासून चालू होतं ते, आमच्या पिढीला त्याची जाहिरात अजून पाठ आहे. शिवाय कर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा पार्कांवर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला. म्हणजे आमच्या पाच हजारांच्या तिकिटातले साधारण साडेसातशे सरकारचे. आई सात तास खुर्चीत बसली, त्याचाही कर भरला गेला.

बरं, देवाच्या दारात तिकीट कधीच नव्हतं असंही नाही हं. ईस्ट इंडिया कंपनीने १८०३ मध्ये ओरिसा घेतला आणि १८०६ पासून जगन्नाथपुरीला यात्रेकरूंवर कर बसवला. त्यात चक्क वर्ग होते. जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त दिवस आणि जास्त मोकळीक, कमी भरणाऱ्याला कमी. आजच्या 'फास्ट ट्रॅक'चा हा खापरपणजोबा. गंमत म्हणजे तो कर रद्द व्हावा म्हणून सगळ्यात जास्त ओरड केली ती इंग्लंडातल्या मिशनऱ्यांनी. मूर्तिपूजेवर आपलं सरकार पैसे कमावतं याची त्यांना लाज वाटत होती. १८४० मध्ये तो रद्द झाला. यात्रेकरूंना कारणाशी काय घेणं? दार उघडलं, बास.

मौजेच्या जागेला कुंपण घालून एकच तिकीट लावण्याची युक्ती मात्र अमेरिकेतली, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरची. तिथला किनारा म्हणजे आपली यात्राच होती: जो तो आपापला खेळ मांडून बसलेला. १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यू नावाच्या माणसाने 'स्टीपलचेस पार्क' काढलं, भोवती कुंपण घातलं आणि २५ सेंटमध्ये २५ खेळ असं एकत्र तिकीट लावलं. कुंपणाचा फायदा दुहेरी होता. पैसे आधीच हातात येत, आणि दारुडे, खिसेकापू बाहेर राहत. बायकामुलांना घेऊन जाण्यासारखी जागा तयार झाली. 'फॅमिली पार्क' या शब्दातली फॅमिली अशी कुंपणामुळे आत आली.

हा दुसरा फायदा मी उगाच लिहीत नाहीये. वरचं सगळं बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या त्या यात्रेत बायका संडासला कुठे जायच्या?" मी गप्प. खरं उत्तर मला माहीत आहे: पहाटे अंधारात जाऊन यायच्या आणि मग दिवसभर पाणी कमी प्यायच्या. दार नसलेल्या मैदानाचा कुणी मालक नसतो, म्हणून त्याच्या पाण्याची, संडासाची, हरवलेल्या पोराची जबाबदारीही कुणाची नसते. एकोणिसाव्या शतकात यात्रा आणि पटकी ही जोडी सरकारी कागदात पुन्हापुन्हा येते ती काही उगाच नाही. "स्वच्छ टॉयलेट आणि प्रत्येक टाकीवर लाइफगार्ड, याचेच तीनशे धर माझ्याकडून," असं बायकोने सांगितलं. धरले.

आता डिस्नेलँड. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात उघडलं. तिथे सुरुवातीला आत जायला एक डॉलर आणि मग प्रत्येक राइडचे वेगळे पैसे होते. थोड्याच महिन्यांत कूपनची पुस्तकं निघाली. ए, बी, सी असे दर्जे, १९५९ पासून ई, म्हणजे सगळ्यात भारी राइड. म्हणजे बघा, डिस्नेलँडही जवळजवळ सत्तावीस वर्षं थोडंफार आपल्या यात्रेसारखंच चालत होतं. १९८२ मध्ये कूपनं बंद झाली आणि 'एकदा पैसे भरा, दिवसभर बसा' हे सुरू झालं. आज आपल्याला तीच नैसर्गिक पद्धत वाटते.

या कूपनच्या काळातच, १९७१ मध्ये, वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने डिस्नेलँडवर एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न साधा: दारावर जास्त घ्यावेत की राइडवर? त्याचं उत्तर थोडक्यात असं. सगळी गिऱ्हाइकं अगदी सारखी असतील तर राइडला फक्त खर्चापुरते पैसे घ्या आणि नफा सगळा दारावर काढा. पण गिऱ्हाइकं वेगवेगळी असतील, कुणी दहा राइडवाला, कुणी एक राइडवाला, तर दार महाग केल्यावर एक राइडवाला येणारच नाही. मग दार थोडं स्वस्त ठेवून राइडवर काढणं परवडतं.

मी हे वाचलं आणि लगेच वाटलं की आपलं कोडं सुटलं. आई म्हणजे शून्य राइडवालं गिऱ्हाईक. ओईच्या हिशेबाने तिने यायलाच नको होतं. पण ती आली, कारण ती सुटी येत नाही, आमच्या बंडलमध्ये येते. मुलीला नेलं आणि आईला घरी ठेवलं असं होत नाही ना आपल्याकडे. पार्कवाल्यालाही हे नीट ठाऊक असतं. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हे पर-सीट लायसन्स आहे. कंपनी शंभर सीट विकत घेते, त्यातले तीस लोक सॉफ्टवेअर कधी उघडतही नाहीत, आणि विकणाऱ्याचा खरा नफा त्या तिसांत असतो. अकराशे रुपये त्या तिसांतले.

सरकारी जागांनी कुटुंब मोजून पाहिलं आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत वर्षानुवर्षं मोठ्यांना पाच रुपये आणि मुलांना दोन रुपये होते. पेंग्विन आले आणि ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांना पन्नास, मुलांना पंचवीस झाले. तेव्हा केवढी बोंब झाली! पण त्याच वेळी एक कौटुंबिक तिकीटही काढलं: आई-वडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये. कल्पना चांगली, मला आवडली. फक्त त्या कुटुंबात आजी नव्हती.

आजीला कुटुंबात मोजणारी एक जागा आमच्या बाजूला होती, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय वऱ्हाडातला कुणी माणूस हा विषय संपवणार नाही. शेगावचं आनंदसागर. वाशीमहून अकोल्यामार्गे एका दिवसात जाऊन येण्यासारखं. गजानन महाराज संस्थानाने या शतकाच्या सुरुवातीला, पाण्याची बोंब असलेल्या गावात, शेकडो एकरांच्या माळावर तलाव खणून बाग उभी केली. मध्ये बेटावर ध्यानकेंद्र, संतांचे पुतळे, झाडी, कारंजी, मुलांसाठी खेळ आणि सगळ्याला वळसा घालणारी छोटी आगगाडी. तिकीट अगदी माफक. स्वच्छता अशी की कागद खाली टाकायला हात धजायचा नाही.

मी आई-बाबांना घेऊन एकदा गेलो होतो, नोकरी लागल्यावर. सकाळी मंदिरात दर्शन, दुपारी आनंदसागर. बाबा आगगाडीत दोनदा बसले. आई ध्यानकेंद्रात गेली ती अर्धा तास बाहेरच येईना. मग मला कळलं की ध्यान वगैरे काही नाही, आत गार होतं म्हणून बसली होती. पण बघा ना, बसायची जागासुद्धा तिथे पाहण्यासारखी केलेली होती. खुर्ची हीसुद्धा तिथली एक राइड होती.

हे एवढ्या कमी पैशात कसं जमत होतं? दोन कारणं. भांडवल देणग्यांचं, म्हणजे व्याज नाही आणि घाई नाही. आणि कामाला सेवाधारी. पांढऱ्या कपड्यातली, गावोगावहून पाळीपाळीने येणारी, मजुरी न घेता झाडू मारणारी, चपला सांभाळणारी, रांग लावणारी हजारो माणसं. संस्थानाचा हा सगळा कारभार शिवशंकरभाऊ पाटील यांनी घडवला. ते ऑगस्ट २०२१ मध्ये गेले तेव्हा मॅनेजमेंटच्या पोरांनीही त्यांच्यावर लेख लिहिले, ते याचमुळे. थोडक्यात, तिकिटाचे उरलेले पैसे त्या सेवाधाऱ्यांनी घामात भरले होते. आनंदसागर मधली काही वर्षं बंद राहिलं. २०२३ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा उघडला. पण आठवडाभर आधी ठरवून, डबे बांधून अख्खं खटलं घेऊन जायचं ठिकाण ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या बंद वर्षांत वऱ्हाडातल्या सहलींचं काय झालं ते विचारा.

आता दिवाळीत वाशीमला गेलो तेव्हा मी ठरवलं, यंदा आईला विचारायचं. विचारलं, "आई, एक दिवस फिरायला जाऊ, कुठे जायचं सांग." तिला बहुतेक असं कुणी विचारलेलंच नसावं, कारण ती जरा गडबडली. मग म्हणाली, पोहरादेवीला ते नंगाऱ्याचं नवीन झालंय ना, ते पाहू.

पोहरादेवी मानोरा तालुक्यात. बंजारा समाजाची काशी, सेवालाल महाराजांची समाधी. रामनवमीला तेलंगण-कर्नाटकातूनही लोक येतात. तिथे बंजारा विरासत संग्रहालय झालंय, ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. इमारत नंगाऱ्याच्या, म्हणजे मोठ्या नगाऱ्याच्या आकाराची, चार मजली, आत तेरा दालनं. हे काही भवानी काळूंचं पुण्य नाही आणि सेवाधाऱ्यांचा घामही नाही. हा सरकारी पैसा, म्हणजे तुमच्या-माझ्या पगारातून कापलेला.

गाडी ठरवली, मंगरूळपीर-मानोऱ्यावरून गेलो. एसटीने गेलो असतो तर आई आणि बायको निम्म्या तिकिटात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधी २०२२ पासून फुकट. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका या दोन वर्षांत जेवढ्या हिंडल्या तेवढ्या आधी वीस वर्षांत हिंडल्या नसतील, हे माझं डोळ्यांनी पाहिलेलं मत. (आणि 'एकदा पैसे भरा, हवं तेवढं बसा' हे एसटीनेही १९८८ मध्येच केलं होतं, 'आवडेल तेथे प्रवास' पास. डिस्नेलँडच्या फक्त सहा वर्षं मागे!) पण लेकीला एसटी लागते, म्हणून गाडी.

संग्रहालयात मला वाटलं होतं की आई दमेल. झालं उलटंच. तांड्यांचं, लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून चालणाऱ्या धान्या-मिठाच्या व्यापाराचं, सगळं पाहत ती पुढे आणि आम्ही मागे. आईच्या माहेराला लागून तांडा होता. फेटिया-काचळी घातलेल्या बाया त्यांच्या शेतात कापूस वेचायला यायच्या, त्यातली एक आईची मैत्रीण. तिची गाणी, तिच्या हातातली बलोयांची रांग, तिने आईला आरसे टाकायला कसं शिकवलं, हे सगळं मी बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. लेक म्हणाली, "आजी, तू इथे गाइड का नाही होत?"

संध्याकाळी हिशेब केला. गाडी ३,८००, जेवणखाण आणि इतर किरकोळ ९००, लेकीची खेळणी ३००. एकूण ५,०००. मजेचे तास: आई ९, मी ६, बायको ५, लेक ५. झाले २५. तासाला २०० रुपये, वॉटर पार्कच्या एक तृतीयांश. लगेच टाळ्या वाजवू नका. त्यात इमारतीचा खर्च धरलेला नाही, तो कुणीतरी दुसऱ्याने, म्हणजे सगळ्यांनी मिळून भरलाय. आणि लेकीचे तास सातावरून पाचावर आलेत. परत येताना तिला विचारलं तर तिने स्पष्ट सांगितलं, "वॉटर पार्कच भारी होता." आठ वर्षांच्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित आहे? तिच्यापुरते ते अकराशे पुरेपूर वसूल होते, मला त्यात शंका नाही. पुढच्या मेमध्ये तिला पुन्हा नेणार, तिची मैत्रीण घेऊन, आणि आई तेव्हा इकडे असली तर मी तिच्याबरोबर घरी थांबणार.

त्या रात्री जेवताना मी आईला माझी सगळी थिअरी ऐकवली. यात्रेला दार नव्हतं, जो बसेल त्यानेच पैसे द्यायचे, कसं न्यायाचं होतं वगैरे. ओईसुद्धा सांगितला. ती भाकरी मोडत ऐकत होती. मग म्हणाली, "बाप्पा, म्या तं कधी पाळण्यात बसलीच नाई."

मी म्हटलं, "कधीच नाही? इतक्या यात्रा केल्यास की."

"सामान कोन पाहत मंग? आंधी तुही आजी पाहे, तिचे गुडघे गेल्यावर म्या."

एक्सेलमध्ये हा कॉलम नव्हता. यात्रेत बसण्याचे पैसे वेगळे होते हे खरं, पण बाकीच्या चौदा जणांनी बसावं म्हणून एकीने खाली थांबायचं, हे तिथेही ठरलेलंच होतं. फक्त त्याची पावती फाडत नव्हते.

रामनवमीची सुट्टी आत्ताच टाकून ठेवली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, मी 'कौटुंबिक कार्यक्रम' लिहिलं. त्या दिवशी पोहरादेवीला तुफान गर्दी असते, गाडी लांबच लावावी लागेल आणि उन्हातून बरंच चालावं लागेल. तेव्हा सामान कमीच नेऊ. डबा, पाण्याच्या बाटल्या आणि एक सतरंजी. तेवढं मी धरून उभा राहीन.